संत्र्याचं चित्र आणि पन्नास मीटर : अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : पाकिटाच्या मागे बारीक इंग्रजीत लिहिलेलं पुढे, ठळक आणि मराठीत छापण्याबाबत.

महोदय,

मी नागपूरच्या नंदनवन भागात किराणा दुकान चालवते. दुकान सासऱ्यांनी टाकलेलं, पण गेली एकवीस वर्षं गल्ल्यावर मीच बसते. समोर शाळा आहे, त्यामुळे दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाचला माझं गिऱ्हाईक काउंटरच्या वर दिसत नाही, नुसते हात दिसतात आणि हातात पाच-दहाची नाणी. “काकू, ते लाल वालं द्या न.” लाल वालं म्हणजे काय ते मला आणि त्यांना बरोबर ठाऊक असतं.

शाळेतल्या मुलांच्या खाण्याबद्दल तुम्ही २०२० साली नियम केलेत. जास्त साखर, जास्त मीठ, जास्त संपृक्त फॅट असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये विकायचे नाहीत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही विकायचे नाहीत. हे मला उशिराच कळलं, एका पालकाने पेपरातलं कात्रण आणून दाखवलं तेव्हा. शेजारच्या टेलरचा टेप मागून आणला आणि रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, फाटकापासून माझ्या पायरीपर्यंत मोजलं. सत्तावीस टेप आणि वर थोडं. एक्केचाळीस मीटर.

म्हणजे मी नियमात सापडते. आता माझी अडचण अशी की मला नियम पाळायचा आहे, पण कोणता माल उचलून ठेवायचा ते कळायला मार्ग नाही. एकाही पाकिटावर ‘यात साखर जास्त आहे’ किंवा ‘मीठ जास्त आहे’ असं लिहिलेलं नाही. उलट पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या आहेत, दुधाची धार आहे, उडी मारणारी पोरं आहेत. म्हणून तीन रात्री शटर अर्धं ओढून मी आणि माझी मुलगी मालाची मागची बाजू वाचत बसलो. ती बारावी सायन्सला आहे, इंग्रजी तिने वाचलं. तरी सासऱ्यांचं भिंग लागलंच. त्यात जे सापडलं ते तुम्हाला नवीन नसेल. मला होतं, आणि मी ते एकवीस वर्षं विकत होते.

सुरुवात संत्र्यापासून करते, कारण मी काटोलकडची. माझ्या माहेरी संत्र्याची बाग आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माझ्या भावाने पेढे वाटले होते. तर दुकानातल्या फ्रीजमध्ये एक नारिंगी बाटली आहे. पुढे संत्र्याच्या दोन फोडी, त्यातून रस उडतोय. मागे मुलीने वाचलं, ‘कंटेन्स नो फ्रूट’. तिने दोनदा वाचलं, मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. यात फळ नाही. मग आहे काय? पाणी, साखर, गॅस, आम्लता आणणारं ३३०, रंग ११०, आणि वास.

३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड. आमच्याकडे सुटं मागायला येतात ते ‘लिंबूसत्व’ म्हणून. ढोकळ्यासाठी, पनीरचं दूध फाडायला. मी ते इतकी वर्षं लिंबापासून होतं असं समजून विकलं. पूर्वी खरंच लिंबापासून होत असे, मुख्यतः इटलीच्या. पण १९१७ साली जेम्स करी नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवलं की एक काळी बुरशी साखरेच्या पाण्यावर वाढवली की ती हे आम्ल तयार करून देते, आणि दोन वर्षांत फायझर कंपनीने त्याचं उत्पादन सुरू केलं. आज जगातलं बहुतेक लिंबूसत्व त्याच बुरशीच्या मेहनतीचं आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपण इडलीचं पीठ आंबवतोच की. पण नाव लिंबाचं, चित्र संत्र्याचं आणि काम बुरशीचं, हे ऐकून माझा भाऊ जो हसला तो फोन ठेवेपर्यंत हसत होता. मग म्हणाला, “ताई, आमचा माल कळमन्याच्या बाजारात पडून राहते अन् हे लोक आमचा फोटो विकून राहिले.”

११० म्हणजे सनसेट यलो, कारखान्यात बनवलेला रंग. तुमच्या परवानगीच्या यादीत आहे, त्यामुळे बेकायदा काहीच नाही. पण हाच रंग घातलेल्या खाण्यावर युरोपात २०१० पासून एक जास्तीची ओळ छापावी लागते, मुलांच्या चंचलपणावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो अशा अर्थाची. रंग तोच. तिकडच्या पोरांच्या आईला ती ओळ वाचायला मिळते, माझ्या दुकानासमोर उभ्या असलेल्या आईला मिळत नाही.

कोणी म्हणेल, मग खरा रस विका. रसाचंही सांगते. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ‘लगेच पी, नाहीतर कडू होईल,’ असं म्हणूनच पेला हातात देतात. लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे ते होतं, आणि आमचं संत्रं बाटलीत भरायला अवघड जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. खोक्यातले ज्यूस बहुतेक वेळा रस आटवून, मग पुन्हा पाणी घालून केलेले असतात. अशा खोक्यांवर ‘१०० टक्के फळांचा रस’ छापू नका, असं तुम्हीच जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंत. त्या दिवशी मला तुमचं कौतुक वाटलं होतं. तेवढ्याच जोरात फळ नसलेल्या बाटलीवरचं फळाचं चित्र का निघत नाही? फसफसणाऱ्या पेयाला फळाचं पेय म्हणवून घ्यायचं तर त्यात किमान १० टक्के रस लागतो, लिंबू असेल तर ५, हा नियमही तुमचाच. शून्य टक्केवाल्याने चित्र छापलं तर चालून जातं आणि शब्द छापला तर चालत नाही, हे गणित माझ्या डोक्यात बसत नाही. पहिलीतलं पोर शब्द वाचत नाही हो, चित्रच बघतं.

दुसऱ्या रात्री फ्रीझर काढला. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा कप आणि कांड्या हाच धंदा. निम्म्या कपांवर ‘आइस्क्रीम’ लिहिलेलं नव्हतंच. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं होतं. साधं आइस्क्रीम म्हणवून घ्यायला किमान १० टक्के दुधाचं फॅट लागतं. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घातलं की ते फ्रोझन डेझर्ट. दोन्ही कप एकाच फ्रीझरमध्ये, एकाच किमतीला, एकाच आकाराचे. मी दोघांनाही आइस्क्रीमच म्हणत आले. तसंच क्रीमच्या बिस्किटांचं. मधला पांढरा थर मुख्यतः साखर आणि वनस्पती फॅट. साय तर सोडाच. आणि ‘आटा’, ‘मल्टिग्रेन’ असं पुढे ठसठशीत लिहिलेल्या काही पुड्यांच्या मागे यादीतला पहिला शब्द मैदा निघाला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. हे मला मुलीने सांगितलं. हे एवढं एक कळलं असतं तरी माझी निम्मी गिऱ्हाइकं वेगळं सामान घेऊन गेली असती.

नूडल्सबद्दल तर घरोघरी गैरसमज. आया मला सांगतात, “तळलेलं देत नाही मी, नूडल्स देते उकळून.” ती पिवळी वडी आधीच तळलेली असते! १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी हीच युक्ती काढली. शिजवलेल्या शेवया तेलात तळल्या की पाणी उडून जातं, बारीक भोकं पडतात, आणि नंतर गरम पाणी टाकलं की तेच पाणी भोकांत शिरून शेवया मऊ होतात. युक्ती म्हणून मानलंच पाहिजे. आपल्याकडे तळायला बहुधा पामतेल असतं, आणि १०० ग्रॅममागे बारा-पंधरा ग्रॅम फॅट सहज लिहिलेलं सापडतं.

२०१५ चा जून मला चांगला आठवतो. तुमचा बंदीचा आदेश निघाला, सेल्समन येऊन नूडल्सचे खोके उचलून घेऊन गेला, आणि पोरं रोज विचारायची, “आल्या का?” ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि दिवाळीच्या सुमारास माल परत आला. त्या गडबडीत शिसं आणि एमएसजी हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले. पण एमएसजी म्हणजे चव वाढवणारं ग्लुटामेटचं मीठ. ग्लुटामेट टोमॅटोतही असतं. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी प्राध्यापकाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ते वेगळं काढलं होतं. लोक आजही मला एमएसजीबद्दल विचारतात. मिठाबद्दल एकही विचारत नाही.

विचारतात, एक जण विचारतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा, बीपीचे. शेव घेतल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. “बाई, मले डॉक्टरनं मीठ कमी सांगतलं. याच्यात किती हाय, वाचून सांग बरं.” मी वाचलं. मीठ कुठे लिहिलेलंच नाही! लिहिलंय सोडियम, आणि तेही मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सगळा मिळून एक सपाट चमचा, त्यात वरण-भाजी-लोणचं आलं. वर आणखी खोडा असा की आकडा कधी १०० ग्रॅमचा असतो, कधी ३० ग्रॅमच्या ‘सर्व्हिंग’चा. तीस ग्रॅम शेव नागपुरात कोण खातं? पोह्यांवर नुसती भुरभुरवायलाच तेवढी लागते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दुकानात उभं राहून मिलिग्रॅमचे ग्रॅम करायचे, त्याला अडीचने गुणायचं, मग पाकिटाच्या वजनाचा हिशेब लावायचा आणि मग ठरवायचं. शेवटी मी त्यांना पाकीटच दिलं नाही. ते रागावून दुसऱ्या दुकानात गेले.

सगळं वाईटच सापडलं असं नाही. काही बाबतीत कंपन्यांची बाजूही घ्यावी लागेल. चिप्सच्या पुडीत ‘हवा विकता’ म्हणून मला रोज टोमणे बसतात. ती हवा नायट्रोजन असते. साध्या हवेतल्या ऑक्सिजनने तेल खवट होतं, ते होऊ नये आणि प्रवासात चुरा होऊ नये म्हणून भरलेली. तसंच ते वाकडेतिकडे मसालेदार कुरकुरीत नळे. ते जळतात म्हणून त्यात प्लास्टिक असतं, असे व्हिडिओ दाखवायला लोक येतात. मी त्यांच्यासमोर उडदाचा पापड पेटवून दाखवला. स्टार्च आणि तेल असलं की जळणारच. खरी गंमत वेगळीच आहे. हे फुगवलेले मक्याचे नळे १९३० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एका जनावरांच्या खाद्याच्या कारखान्यात सापडले. यंत्र साफ ठेवायला कामगार ओला मका घालत, तो गरम यंत्रातून फुगून बाहेर पडे. एकाने तो घरी नेला, मसाला लावला आणि खाल्ला. ढेपेच्या मशीनमधून निघालेला खाऊ! हे मी एका पोराला सांगितलं तर तो म्हणाला, “मग म्हशीलेबी द्या की काकू.”

कंपन्यांच्या बाजूने बोलले, आता एक तक्रारही. पाच रुपये हा आकडा देवळातल्या मूर्तीसारखा हलत नाही, ग्रॅम मात्र हलतात. लडीवरच्या पुडीचं वजन गेल्या काही वर्षांत किती वेळा खाली आलं ते मी माझ्या तराजूवर पाहिलंय. पोरांना वाटतं भाव तोच आहे. पुढे जाते.

समोशाबद्दल लिहिलं नाही तर शेजारचा रुसेल. २०२५ च्या जुलैत आमचं नागपूर देशभर गाजलं. इथल्या एम्समध्ये समोसा-जिलेबीत साखर-तेल किती याचे फलक लागणार, अशी बातमी आली आणि टीव्हीवाल्यांनी समोशावर सिगारेटसारखा इशारा येणार असं करून टाकलं. मग केंद्राने खुलासा केला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा आदेशच नाही. कार्यालयांत साखर-तेलाबद्दल जागृतीचे फलक लावा, एवढाच सल्ला आहे. माझ्या शेजारचा समोसे-आलूबोंडेवाला आठवडाभर धुमसत होता. “वहिनी, माही कढई सगळे पाहते. तुमच्या पाकिटातली कढई पाहिली का कोनं?”

त्याच्याही कढईत खोट निघेल. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक द्रव्यं वाढत जातात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की तेल फेकायचं, हा तुमचा २०१८ चा नियम त्याला मी सांगितला तेव्हा त्याने मान फिरवली. छापील कागदात समोसा बांधून देणं त्याने बंद केलं, एवढं मात्र झालं. पण त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. समोशात तेल आहे हे आंधळ्यालाही बोटाला लागतं. क्रीमच्या बिस्किटातलं तेल बोटाला लागत नाही.

आता मागणी.

लेबलचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, इतर भाषा वाटल्यास जोडाव्यात, असं तुमचा नियम सांगतो. ‘वाटल्यास’ म्हणजे कोणालाच वाटत नाही. माझ्या तीन रात्रींत मराठीत घटक लिहिलेली पाकिटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही निघाली नाहीत, आणि जी निघाली ती इथल्याच घरगुती चिवडा-पापडवाल्यांची. जाहिरात मात्र मराठीत येते, लडीवरचं ‘मोफत’ मराठीत येतं. म्हणजे मराठी छापायची शाई त्यांच्याकडे आहे. महाराष्ट्रात विकायचं असेल तर साखर, मीठ, फॅट आणि पहिले तीन घटक मराठीत सक्तीचे करा. मैद्याला मैदा म्हणा, पामतेलाला पामतेल, मिठाला मीठ. गहू वर्ज्य असलेल्या एका मुलीची आई माझ्याकडून सामान नेते. हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ किंवा मैदा असू शकतो, हे तिला आणि मला एकाच दिवशी कळलं. ते डबीवर लिहिलेलं होतं. आम्हा दोघींना वाचता आलं नव्हतं.

दुसरं म्हणजे खूण पुढे हवी. २०२२ च्या तुमच्या मसुद्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत चांदण्या देण्याचा विचार होता. साहेब, चांदणी पोरांना शाळेत बाईंकडून बक्षीस म्हणून मिळते. साखरेच्या पाकिटावर दीड चांदणी दिसली तर त्यांना दीड बक्षीस मिळाल्यासारखं वाटेल. चिली देशात २०१६ पासून काळी अष्टकोनी खूण छापतात, ‘साखर जास्त’, ‘सोडियम जास्त’. मला तशी द्या. लडीवर हात घालताना ती मला दिसेल, पोराला दिसेल, आणि नियम मोडला तर माझ्याकडे सबबही उरणार नाही. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त फॅटचे आकडे मोठ्या ठळक अक्षरात छापण्याच्या प्रस्तावाला तुम्ही मान्यता दिलीत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या लेबलबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हणून सांगितलं, मग जुलैत मुदत वाढवून दिली. डिस्ट्रीब्युटरने मला एक हप्ता उशीर केला तर मी दुसरा डिस्ट्रीब्युटर पाहते. तुम्हाला ती भीती नाही, हे मला कळतं.

आणि फळ नसलेल्या बाटलीवरचं फळाचं चित्र काढायला लावा. ही मागणी माझ्या भावाची आहे.

या सगळ्यात माझं नुकसान होईल का? होईल. लडीवरच्या मालावर मार्जिन बरं सुटतं आणि तो उधारीत जात नाही. नाण्यांचा धंदा आहे तो. नारिंगी बाटल्या मी सध्या फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. काउंटरवर माहेरची आंबिया बहाराची संत्री मांडली आहेत, दहाला दोन. पहिल्या दिवशी चार गेली, दोन मीच खाल्ली. काल अकरा गेली. साली मात्र माझ्याच पायरीवर पडतात.

कळावे,
आपली,
नंदनवनातील एक किराणा दुकानदार

ता. क. : मोजणीला तुमचा किंवा अन्न व औषध प्रशासनाचा माणूस येणार असेल तर एक गोष्ट आधी ठरवून पाठवा. शाळेला दोन फाटकं आहेत. पुढच्या फाटकापासून माझं दुकान ४१ मीटर भरतं, मागच्यापासून ६३. पुढचं फाटक दुपारी बंद असतं, आणि पोरं मागच्याने पळत येतात.